चौथी ओळ, सातवं घर

महाडच्या एमआयडीसीत त्या कारखान्याला कुणी नावानं ओळखत नसे. मोठमोठ्या केमिकल कंपन्यांच्या मधोमध दबून बसलेलं पत्र्याचं लांबोडकं बांधकाम ते. रिक्षावाले त्याला 'चकतीवाले' म्हणत. तिथे चकत्याच बनत. पांढऱ्या पुडीच्या, शर्टाच्या बटणाहून लहान, भट्टीत भाजून दगडासारख्या घट्ट केलेल्या. रेडिओत, टीव्हीत, फोनमध्ये वीज घटकाभर धरून ठेवायला जो कपॅसिटर लागतो, त्याच्या पोटात अशी एक चकती असते.

रखमा तिथे निवड खात्यात होती, सात वर्षं. काचेच्या फरशीवर मूठभर चकत्या ओतायच्या आणि तडा गेलेल्या वेचून बाजूला टाकायच्या, हे काम. बाकीच्या बाया डोळ्यांनी निवडत, रखमा कानांनी. चकती काचेवर पडताना टणकन वाजली तर चांगली, बोदा आवाज आला तर आत कुठेतरी चिरलेली. शेजारणीशी गप्पा मारता मारता तिचा हात बरोब्बर फुटकी चकती उचलायचा.

ती मूळची पोलादपूरच्या वरच्या डोंगरातली. उंबराचा माळ नावाची बारा घरांची धनगरवाडी, म्हशी आणि शेळ्या, उतारावर थोडी नाचणी नि वरी. नवरा कोंडाजी म्हशी सोडून खाली यायला तयार नव्हता आणि रखमाला हातात कायमचं काम हवं होतं. भांडण न करता दोघांनी त्यातून वाट काढली. आठवडाभर रखमा बिरवाडीला बहिणीकडे, आवडीकडे राहायची. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी एसटीनं पोलादपूर आणि तिथून दीड तास चढण. चौथीपर्यंत शिकलेली होती. आकडे पक्के होते, अक्षर मात्र शेळी चरून गेल्यासारखं.

२००३ सालची दिवाळी नुकतीच उलटली होती तेव्हा पुण्याहून अमिता मॅडम आल्या. तिशीच्या, बारीक चणीच्या, डोळ्यांवर जाड चष्मा. कारखान्याचे मालक सुनीलशेठ यांनी त्यांना खास एका कामासाठी आणलं होतं. बंगलोरच्या एका कंपनीला खेडोपाडी बिनतारी फोन बसवायचे होते, आणि त्या फोनसाठी अशी चकती हवी होती की जी लडाखच्या थंडीत आणि राजस्थानच्या उन्हात अगदी सारखीच वीज धरेल. मुदत होती जानेवारीअखेरपर्यंत. कारखान्याच्या जुन्या चकत्या ऊन लागलं की लगेच सुस्तावत.

मॅडमनी आल्या आल्या एक चमत्कारिक परीक्षा घेतली. निवड खात्यातल्या सगळ्या बायांना एकेक ड्रॉपर दिला आणि वाटीतलं पांढरं पाणी थेंबाथेंबानं कागदाच्या चौकटींत सोडायला सांगितलं. प्रत्येकीनं शंभर थेंब. मग ते वाळलेले कागद कापून काट्यावर मोजले. रखमाचे थेंब एकसारखे निघाले.

"रखमाताई, हे कुठे शिकलात?" मॅडमनी विचारलं.

"शिकायचं काय त्यात. आमच्याकडं पारडू आजारी पडलं की त्येला असंच दूध पाजाया लागतं. थेंब मोठा पडला की ठसका लागतो त्येला. सावकास सोडायचा, ड्रॉपर उभा धरायचा."

दुसऱ्या दिवसापासून रखमाचं बसणं निवड खात्यातून उठून मागच्या खोलीत गेलं. तिथे लांब टेबल, खिडकीतून नदीच्या बाजूची झाडं आणि मॅडमची खोकी. मॅडमनी तिला स्टुलावर बसवलं आणि समोर तीन बाटल्या ठेवल्या.

"ही पांढरी पूड. तापली की जास्त वीज धरते. ही पिवळी. तापली की कमी धरते. दोन्ही बरोबर मापात मिसळल्या तर एकीची वाढ दुसरीची घट भरून काढेल, आणि चकतीला थंडी-ऊन कळणारच नाही."

"मंग ही तिसरी कशापायी?"

"आपली भट्टी जुनी आहे. अकराशे अंशांच्या वर नेली तर कॉइल जळतात. तेवढ्या आचेत ह्या दोन पुडी घट्ट होत नाहीत, हातानं चोळलं तर पीठ होतं. म्हणून ही काचपूड. ती आधी वितळते आणि बाकीच्या दाण्यांना धरून ठेवते. पण जास्त पडली तर पहिलं गणित बिघडतं."

रखमानं तिन्ही बाटल्या हलवून पाहिल्या. "मग मापं किती किती घ्यायची?"

"तेच कुणाला माहीत नाही," मॅडम हसून म्हणाल्या. "आजवर लोक काय करायचे? एक माप धरायचं, चकती करायची, भाजायची, तपासायची. नाही जमलं तर दुसरं माप. एका मापाला एक आठवडा."

रखमानं मनात हिशेब केला. "शंभर मापं बगायची तर दोन वर्सं."

"दोन वर्षं. आपल्याकडे आहेत दहा आठवडे. म्हणून शंभरच्या शंभर एकदम करायची. परदेशात हे काम यंत्रं करतात, छापखान्यात शाई उडवतात तसे थेंब उडवून. आपल्याकडे ते यंत्र नाही." त्यांनी ड्रॉपर पुढे केला. "तुम्ही आहात."

मग त्यांनी ट्रे काढला. चिनी मातीसारखा पांढरा चौकोन, त्यात दहा ओळी, प्रत्येक ओळीत दहा खळगे. पहिल्या ओळीत जवळजवळ सगळी पांढरी, खाली उतरावं तशी पिवळी वाढत जायची. दहाव्या ओळीत जवळजवळ सगळी पिवळी. आणि डावीकडून उजवीकडे काचपूड वाढत जायची. पहिल्या खळग्यात अजिबात नाही, दहाव्यात सगळ्यांत जास्त. म्हणजे शंभर खळग्यांत शंभर निराळी मापं. खळग्यांना रखमा घरं म्हणू लागली, सोंगट्यांच्या पटावर म्हणतात तसं, आणि मॅडमही तेच म्हणू लागल्या.

पहिला ट्रे भरायला रखमाला दीड दिवस लागला. पुडी पाण्यात कालवून त्यांचे थेंब सोडायचे, टाचणीनं ढवळायचं, पुढच्या घरात जायचं. पाठ आखडली, पण मन मात्र लागलं. सात वर्षं तिनं दुसऱ्यानं बनवलेल्यातलं वाईट शोधलं होतं. चांगलं शोधायला तिला कुणी पहिल्यांदाच बसवलं होतं.

ट्रे भट्टीवर गेला. भट्टीवर महिपत असायचा, पंचावन्नचा, दासगावचा, तोंडानं फटकळ आणि भट्टीच्या बाबतीत सोवळा. लांब दांड्याच्या चिमट्यानं ट्रे उचलून त्यानं तो वळवून वळवून पाहिला.

"रखमे, ह्ये काय गो? आप्पेपात्र आणलंस काय? चटनी कुटं हाय?"

अर्ध्या तासात सगळा कारखाना त्या खोलीला आप्प्यांचा कारखाना म्हणू लागला. मॅडमना आधी ते लागलं. रखमानं समजावलं, "म्हणू दे हो. नाव पडलं म्हंजे आपली दखल घेतली."

पहिला ट्रे वाया गेला. शंभर बारक्या चकत्या खळग्यांना अशा चिकटल्या की काढताना निम्म्या फुटल्या. मॅडम डोक्याला हात लावून बसल्या. रखमा म्हणाली, "भाकरी परातीला चिकटू नये म्हणून आपण खाली पीठ टाकतो. न वितळणारी अशी कोणती पूड नाय का तुमच्याकडं?" होती. दुसऱ्या ट्रेला प्रत्येक घरात आधी त्या पुडीची चिमूट पडली आणि चकत्या सुटून आल्या. फक्त उजवीकडच्या, काचपूड जास्त असलेल्या, दोन-चार तेवढ्या हट्टानं चिकटून बसायच्या.

तपासणी तर रखमाला खेळच वाटे. चकतीच्या दोन्ही अंगांना चांदीचा लेप देऊन ती तांब्याच्या शंभर स्प्रिंगा असलेल्या पाटावर त्याच क्रमानं मांडायची. पाटाला जोडलेल्या खोक्यावर एक गोल खटका होता. फिरवला की एकेका चकतीचा आकडा मीटरवर यायचा. सगळं तीन वेळा करायचं. एकदा खोलीतल्या हवेत, एकदा तापवलेल्या पेटीत आणि एकदा थंडीत. थंडीसाठी मॅडमना पुण्याहून यंत्र मिळालं नाही, तेव्हा रखमानंच उपाय काढला. मासळीवाले बर्फ आणतात त्या कारखान्यातून लादी आणायची, फोडून त्यात जाडं मीठ घालायचं. पत्र्याचा डबा त्यात बुडवला की आत पारा शून्याच्या खाली पंधरापर्यंत उतरायचा. मॅडम खटका फिरवत, आकडा वाचत. रखमा वहीत लिही. "तीन-पाच, एकशे बारा. तीन-सहा, एकशे चार." तीन-पाच म्हणजे तिसरी ओळ, पाचवं घर. शंभर चकत्या तपासायला दुपार पुरायची.

"हा ट्रे म्हणजे चाळण आहे," मॅडम सांगत. "इथे अगदी बारीक मोजायचं नाही. ज्या चांगल्या वाटतील त्या चार-पाच बाजूला काढायच्या आणि मग त्यांच्याच मोठ्या चकत्या करून नीट तपासायच्या."

दुसऱ्या ट्रेनं दिशा दाखवली, तिसऱ्यानं आणखी जवळ नेलं. मॅडमनी पिवळी पूड बदलली आणि चौथा ट्रे रखमानं एका दिवसात भरला. हात आता सरावला होता.

चौथा ट्रे भट्टीवर गेला त्या दिवशी रखमाच्या दिराच्या मुलीचं लग्न होतं. ती दोन दिवस माळावर होती. मॅडमनाही मीटर दुरुस्तीला घेऊन पुण्याला जावं लागलं. चकत्या काढून पाटावर मांडायचं काम निवड खात्यातल्या काशीबाईनं केलं. काशीबाई नीटनेटकी, फुटलेल्या तीन चकत्यांच्या जागा मोकळ्या ठेवून वहीत तसं लिहून ठेवलं.

रखमा परत आली तेव्हा मॅडम दारातच उभ्या होत्या. चेहरा असा की जणू लग्न त्यांच्याच घरी होतं.

"सात-चार," त्या म्हणाल्या. "थंडीत ब्याण्णव, हवेत ब्याण्णव, उन्हात त्र्याण्णव. रखमाताई, सापडली."

सुनीलशेठनी पेढे मागवले. मॅडमनी सातव्या ओळीतल्या चौथ्या घराचं माप काढलं, त्याच्या वीस मोठ्या चकत्या केल्या. भाजल्या. तपासल्या. आकडे थंडीत एक, उन्हात भलतेच. पुन्हा केल्या, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला रखमानं स्वतः पुडी तोलल्या, श्वास रोखून. तरी तेच.

जानेवारीचा दुसरा आठवडा उजाडला होता. शेठ मागच्या खोलीत आले, खुर्ची ओढून बसले. माणूस वाईट नव्हता. पण त्यानं बंगलोरला फोन करून 'झालं' असं सांगून टाकलं होतं.

"मॅडम, मला शास्त्र कळत नाही," ते म्हणाले, "पण एकदा चांगली आलेली गोष्ट पुन्हा येत नसेल तर पहिल्यांदाच काहीतरी चुकलं असणार. कुणी थेंब जास्त टाकला असेल. एवढे शंभर प्रकार एकदम म्हटल्यावर गोंधळ होणारच. आपली जुनी पद्धत काय वाईट होती? एक एक करून बघू. मी मुदत वाढवून मागतो."

मॅडमनी वही मिटली. शेठ गेल्यावर म्हणाल्या, "रखमाताई, त्या दिवशी सात-चारमध्ये..."

"थेंब बरोबर होते," रखमा म्हणाली. आवाज तिचा चढला नाही. "मी ओळ भरताना तोंडानं मोजते. सातवी ओळ भरताना आवडीची पोर डबा घेऊन आली होती, मी तिला खूण करून थांबवली, नि ओळ झाल्यावर बोलले. माझं चुकलं असतं तर मी कबूल केलं असतं."

मॅडमनी मान हलवली. त्यांचा विश्वास होता. पण विश्वासानं चकती सुधारत नव्हती.

त्या जेवायला गेल्यावर रखमा एकटीच उरली. चौथ्या ट्रेच्या चकत्या अजून पाटावर तशाच होत्या. सगळ्यांनी त्यांचे आकडे पाहिले होते, चकत्या कुणी पाहिल्या नव्हत्या. सात वर्षांची सवय. रखमानं पाट पुढे ओढला आणि नुसतं बघत बसली.

तीन जागा मोकळ्या. तिन्ही अगदी डाव्या कडेच्या, ओळीतल्या पहिल्या घरातल्या. वहीत काशीबाईचं गोल अक्षर होतं, 'दोन-एक, पाच-एक, सहा-एक, खळग्याला चिकटून फुटल्या.'

रखमा थबकली. डाव्या कडेची पहिली घरं म्हणजे जिथे काचपुडीचा एक थेंबही नाही. काचच नाही तर चिकटेल काय? त्या चकत्या उलट भुसभुशीत राहायला हव्यात. तिनं डाव्या कडेची शेजारची चकती चिमट्यानं उचलून काचेवर सोडली. टणकन वाजली. मग उजव्या कडेची, काचपूड सगळ्यांत जास्त असायला हवी ती. बोदा आवाज. नखानं खरवडली तर नखाखाली पांढरं पीठ आलं.

ती स्टुलावरून उठली आणि पुन्हा बसली. मग तिनं दोन्ही हातांनी पाट टेबलावर सपाटच अर्धा फेरा फिरवला, वरची ओळ खाली, डावी कड उजवीकडे. आता चिकटलेल्या उजवीकडे आल्या, भुसभुशीत डावीकडे. सगळं जिथल्या तिथे. सात-चारच्या चकतीवरची नजर तिनं फिरवताना हलू दिली नव्हती. फिरलेल्या पाटावर ती चकती आता वरून कितवी? एक, दोन, तीन, चार. डावीकडून? सात.

चार-सात.

मॅडम परत आल्या तेव्हा रखमानं त्यांना आधी काही सांगितलं नाही. फक्त त्यांचा हात धरून चकतीवरून नख फिरवायला लावलं, आधी एका कडेच्या, मग दुसऱ्या. मॅडमनी आपल्या नखाकडे पाहिलं, मग वहीकडे, मग पाटाकडे. त्यांना समजायला घास गिळायला लागतो तेवढाच वेळ लागला.

"ट्रे उलटा झाला होता," त्या हळू म्हणाल्या. "पण ट्रेच्या कोपऱ्यावर मी पेन्सिलीनं एक लिहिते..."

"पेन्शील भट्टीत जळून जाते की."

"जाते. म्हणूनच महिपतदादांना सांगून ठेवलंय, एकचा कोपरा नेहमी भट्टीच्या दाराकडे."

दोघी भट्टीपाशी गेल्या. महिपत चहा पीत बसला होता. रखमानं त्याला विचारलं, आरोप केल्यासारखं नाही, म्हैस कुठल्या बाजूनं गेली असं विचारावं तसं. "महिपतदादा, चौथा टिरे भट्टीत घातलास त्या दिवशी काय येगळं घडलं का रे?"

महिपतनं कपाळाला आठ्या घातल्या. मग कप खाली ठेवला.

"लाईट गेली होती," तो म्हणाला. "टिरे अर्धा आत, नि लोडशेडिंग. मी बाहेर काढला, त्या पलीकडच्या कट्ट्यावर ठेवला. लाईट आल्यावर त्याच बाजूनं उचलला नि घातला." चिमटा हातात घेऊन त्यानं ती हालचाल पुन्हा करून पाहिली, इकडून उचललं, तिकडून घातलं, आणि मध्येच थांबला. चेहरा पडला त्याचा. "म्हंजे कोपरा आत गेला गो. दाराकडं नाय."

"तेवडंच होतं," रखमा म्हणाली.

पण महिपतचं तेवढ्यानं भागलं नाही. फटकळ माणूस, तो स्वतःशीही फटकळच वागला. चिमटा भिंतीला टेकवून सरळ शेठच्या केबिनमध्ये गेला आणि उभ्या उभ्या सांगून आला, "थेंब रखमाचा चुकला नव्हता. टिरे मी फिरवला. सजा असंल ती मला." शेठ आधी चक्रावले, मग म्हणाले, "सजा राहू द्या, आधी भट्टी लावा."

चार-सातच्या वीस चकत्या झाल्या. पुडी रखमानं तोलल्या. भट्टी महिपतनं लावली आणि ती उतरेपर्यंत जेवायलाही गेला नाही. चांदीचा लेप वाळला. बर्फाची लादी आली, मीठ पडलं. मॅडमनी खटका पहिल्यावर आणला.

"थंडीत?" वही उघडून रखमानं विचारलं.

"एक्क्याण्णव."

"हवेत?"

"एक्क्याण्णव."

तापलेल्या पेटीत जायला वेळ लागतो. त्या पाऊण तासात मागच्या खोलीच्या दारात एकेक करून निवड खात्यातल्या सगळ्या बाया येऊन उभ्या राहिल्या. काशीबाई पुढे. कुणी त्यांना हाकललं नाही. पारा पंच्याऐंशीवर टेकला तेव्हा मॅडमनी चष्मा पुसला आणि मीटर वाचायचं सोडून रखमाकडे पाहिलं. "तुम्ही वाचा."

रखमा वाकली. "ब्याण्णव," ती म्हणाली. पुढचा खटका. "एक्क्याण्णव." पुढचा. "एक्क्याण्णव." विसाच्या वीस. शेवटच्या आकड्याला तिचा आवाज हसण्यात विरघळून गेला आणि मागे कुणीतरी फटकन टाळी वाजवली, आणि मग थांबेनाच. मॅडमनी रखमाला मिठी मारली. त्यांच्या हाताचा चांदीचा लेप रखमाच्या पदराला लागला. तो पुढे कितीही धुतला तरी गेला नाही. रखमानंही फार घासला नाही.

महिपत दारात होता. "शेवटी आप्पे शिजले," एवढंच म्हणाला, आणि नाक शिंकरायला बाहेर गेला.

त्या दिवसापासून मागच्या खोलीत एक नियम झाला, रखमानंच घातलेला. नवा ट्रे आला की कानशीनं घासून त्याचा एक कोपरा कापून टाकायचा. पेन्सिल जळेल, माणूस विसरेल. कापलेला कोपरा भट्टीतूनही कापलेलाच बाहेर येतो. शिवाय आकडे वाचायच्या आधी शंभर चकत्यांवरून एकदा नुसती नजर फिरवायची. मॅडमनी हा दुसरा नियम आपल्या वहीत पहिल्या पानावर लिहिला.

फेब्रुवारीत बंगलोरचे दोन साहेब आले. त्यांना हिंदी थोडी यायची, रखमालाही थोडीच. मॅडमनी ट्रे टेबलावर ठेवला आणि त्या मुद्दाम मागे सरकल्या. रखमानं पदर खोचला. "ये पांढरी. ये पिवळी. खाली खाली जाएंगा तो पिवळी बढेंगा," तिनं सुरू केलं, आणि हात चालू झाल्यावर भाषेची अडचण राहिली नाही. साहेबांपैकी एकानं विचारलं, असे किती ट्रे झाले. रखमानं बोटं दाखवली. चार. साहेबानं खात्री करून घ्यायला पुन्हा विचारलं. मग तो आपल्या जोडीदाराकडे वळून भराभर काहीतरी बोलला आणि दोघंही ट्रेवर वाकून घरं मोजू लागले.

मागणी पक्की झाली. निवड खात्यातल्या आणखी तिघी मागच्या खोलीत आल्या आणि त्यांना थेंब शिकवायचं काम रखमाकडे आलं. पाटी लागली दारावर, 'संशोधन विभाग', पण कारखान्यात 'आप्प्यांचा कारखाना' हेच नाव चालू राहिलं. आता मॅडमही तसंच म्हणत.

शिमग्याच्या आधी एका दुपारी कोंडाजी आला. सात वर्षांत पहिल्यांदा. म्हशी शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून, धुतलेलं धोतर, डोक्याला नवा टॉवेल गुंडाळून. हातात तुपाची बरणी होती, मॅडमसाठी. फाटकावरच्या वॉचमननं आधी अडवलं, मग रखमाचं नाव ऐकताच सोडलं, ह्याचं कोंडाजीला फार नवल वाटलं. त्यानं ते दोनदा सांगितलं.

रखमानं त्याला सगळं फिरून दाखवलं. बाटल्या, ट्रे, भट्टी. महिपतनं त्याला चिमटा धरून बघायला दिला. कोंडाजी प्रत्येक ठिकाणी "हां, हां" म्हणत होता. पण त्यातलं किती कळतंय हे रखमाला त्याच्या भुवयांवरून कळत होतं. शेवटी तिनं त्याला पाटापुढे स्टुलावर बसवलं आणि त्याचं बोट धरून खटक्यावर ठेवलं.

"फिरव."

त्यानं फिरवला. कट्ट आवाज झाला, मीटरवर आकडा उमटला. त्यानं हात मागे घेतला, चटका बसल्यासारखा.

"ही शंभर येगळी हायती?"

"शंभर. एकीसारखी दुसरी नाय."

"नि त्यातनं तू एक शोधतेस?"

"आधी चार-पाच. मंग एक."

कोंडाजीनं साऱ्या पाटावरून नजर फिरवली. "आमच्या म्हशी अकरा," तो म्हणाला, "त्यातली चांगली कंची ती सांगाया मला दोन वर्सं लागली होती." मग पुन्हा खटका फिरवला. कट्ट. आणखी एकदा. त्याला त्याची चटक लागली. तो एकेक आकडा मोठ्यानं वाचू लागला, शाळेतल्या पोरासारखा, आणि रखमानं शेजारी बसून वही उघडली. पाचवा ट्रे आजच तपासायचा होता, कुणीतरी आकडे वाचायला हवंच होतं.

"एक-एक, सत्याऐंशी," कोंडाजी म्हणाला.

"हूं."

"एक-दोन, पंच्याऐंशी."

बिरवाडीच्या वळणावर पोलादपूरची एसटी हॉर्न वाजवून निघून गेली. दोघांनीही ती ऐकली. पुढची तासाभरानं होती.

"एक-तीन," रखमा म्हणाली. "वाच की."